चेकमागची सही

मुलुंडच्या आमच्या शाखेत तो सरकारी चेक परत आला आणि माझं डोकंच फिरलं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका मावशींच्या खात्यात आम्ही त्याचे पैसे जमाही केले होते. आता सरकार म्हणत होतं, चेकमागची सही त्यांची नाही, पैसे मिळणार नाहीत. मॅनेजर म्हणाले, "त्यांच्या खात्यातून वळते करून घे ना, कशाला डोक्याला ताप?" मी ऐकलं नाही. अशा वेळी बँकेला ठरावीक मुदतीत लेखी हरकत घेता येते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मावशींना घेऊन मी सरकारी कचेरीत गेलो.

साहेबांनी जुनी फाईल उघडली. नोकरीला लागतानाची सही माहेरच्या नावाची होती आणि चेकवरची सासरच्या. लग्नात मावशींचं पहिलं नावसुद्धा बदललं होतं. पण अक्षराचं वळण तेच होतं. दोन्ही सह्यांत येणारं एकेक अक्षर मी बोट ठेवून दाखवलं. आवाज चढला होता, चढू दिला.

बराच वेळ बघून साहेबांनी हरकत मान्य केली. मग मावशींना विचारलं, "पण यातलं तुमचं खरं नाव कुठलं?"

"एक बापाने ठेवलं, एक नवऱ्याने," मावशी म्हणाल्या. "मला विचारणारे तुम्हीच पहिले."