नैरोबी, मोंबासा आणि एक प्रश्न

२००७ मध्ये ऑफिसनं मला लंडनजवळच्या हॅरोहून केनियाला पाठवलं. नैरोबीत एक आठवडा, मोंबासात चार दिवस. तिथल्या एका बँकेत आमचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. सोबतीला बँकेतलीच एक बाई होती, माझ्याच वयाची. माहेर मोंबासाचं, नवरा पश्चिम केनियातला, दुसऱ्या जमातीचा, संसार नैरोबीत.

नैरोबीत सकाळी स्वेटर लागायचा. जो तो घाईत. अंधार पडायच्या आत माणसं घरात आणि फाटकांना कुलपं. मोंबासात उतरल्याबरोबर अंगाला घाम चिकटला आणि मला रत्नागिरीच आठवली. तिच्या आईनं नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा वाढला. गल्लीतले लोक ओट्यावर बसून माझी चौकशी करत होते, मी कुणाची कोण म्हणून.

"तुझं मोंबासाच छान," मी म्हणाले.

"पाहुण्यांना समुद्र आवडतोच," ती हसली. "पोट नैरोबीत भरतं."

मी परतल्यावर, पुढच्या जानेवारीत, निवडणुकीनंतर तिथे दंगली पेटल्या. एका दुपारी तिचा फोन आला.

"इथे आडनावावरून जमात ओळखून मारताहेत. मी नवऱ्याचं लावते ना! मुलांना घेऊन आईकडे जायचंय. तुमच्याकडे बातम्यांत काय सांगताहेत? मोंबासाचा रस्ता चालू आहे?"

मी लॅपटॉप उघडला. एका ठिकाणी रस्ता सुरळीत असल्याचं लिहिलं होतं, दुसऱ्या ठिकाणी वाटेत बस अडवल्याचं.

"निघू का? सांग ना."

निघ म्हणावं तर वाटेत काय होईल? थांब म्हणावं तर दारात काय होईल?

"मला नाही गं कळत," मी म्हणाले. तेवढ्यात फोन कट झाला.

मग मी रोज फोन लावत राहिले. लागेना. मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "आपण इथून काय करणार?" त्याचंही खरंच होतं.

बाराव्या दिवशी तिची ईमेल आली. मुलांसह ती आईकडे पोहोचली होती. नवरा घर राखायला मागे राहिला होता. प्रवासाबद्दल तिनं अवाक्षर लिहिलं नव्हतं. शेवटी एवढंच होतं, 'दोन दिवस तुझ्या फोनची वाट पाहिली, मग निघाले.'

मी खरंच फोन लावत होते. पण ते लिहायला घेतलं की सबबीसारखं वाटायचं. तीनदा खोडलं आणि शेवटी 'सांभाळून राहा' एवढंच पाठवलं.