रामकिशनच्या तोंडचा टर्बो

भोकरच्या रामकिशनचं शिक्षण सातवीपर्यंत झालं, पण त्याच्या तोंडात एक अख्खं गॅरेज आहे. बेअरिंग कसं कण्हतं, बेल्ट कसा किंचाळतो, सायलेन्सरला भोक पडल्यावर गाडी कशी खोकते, हे तो तोंडाने हुबेहूब काढून दाखवतो. ही काय कला झाली, असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा पिकअप चालवून बघावी. रस्त्यावर शंभर आवाज करणारी गाडी मिस्त्रीपुढे उभी केली की नव्या सुनेसारखी गप्प होते. मोबाइलमध्ये आवाज भरावा तर त्यात नुसता वारा आणि केबिनचा खडखडाट. बाकीचे ड्रायव्हर मग हातवारे करत बसतात. रामकिशन ओठांचा चंबू करतो, नांदेडचा अमृतराव मिस्त्री डोळे मिटून ऐकतो आणि पाना उचलतो. बारा वर्षांत एकदाही निदान चुकलं नव्हतं. शहाणा मिस्त्री की ड्रायव्हर, यावर भोकरच्या स्टँडावर अजून वाद चालतो.

यंदा त्याच्या लेकीला, मनिषाला, लातूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. सोमवारी होस्टेलवर हजर व्हायचं होतं. पेटी, गादी, कूलर आणि लेक, सगळं आपल्याच पिकअपमधून जाणार, एस.टी.चं नाव कुणी काढायचं नाही, असं रामकिशनने गल्लीभर जाहीर करून टाकलं. लेकीची पहिली सायकल या गाडीतून आली होती, दहावीच्या परीक्षेलाही ती यातूनच गेली होती. आता एवढ्या मोठ्या दिवशी गाडी घरी ठेवायची, हे त्याला सहनच झालं नसतं. बायकोने, कोंडाबाईने, एकच अट घातली. होस्टेलच्या मॅडमपुढे पुढचे दोन दात नसलेला बाप उभा राहायचा नाही. ते दात चार वर्षांपूर्वी जॅकचा दांडा उसळून गेले होते. रामकिशनने मुकाट्याने काढता-घालता येणारे दोन दात बसवून आणले आणि आरशात बघून स्वतःवरच खूश झाला.

शुक्रवारी तो नारळ भरून माहूरला गेला. घाटात पिकअपचा दम उखडला. इंजिनात हवा कोंबणारा, एरवी चढावर बारीक सुरात गाणारा टर्बो भलताच आवाज काढू लागला, मागे काळा धूर. रिकामी गाडी खाली उतरली तेव्हा चिडीचूप.

शनिवारी त्याने गाडी नांदेडला अमृतरावच्या गॅरेजात नेली. होस्टेलसाठी बादली घ्यायची म्हणून मनिषाही सोबत होती. रामकिशनने घसा साफ करून आवाज काढला, "शिंईंऽऽऽ." अमृतरावने डोळे उघडले आणि पुन्हा काढायला सांगितला. दुसऱ्यांदा ऐकून त्याचा चेहरा उतरला. टर्बोतला दांडा घासतोय, टर्बो बदलावा लागेल, नवा यायला गुरुवार उजाडेल, असं त्याने सांगून टाकलं.

रामकिशनला रडू यायचंच बाकी होतं. मनिषा म्हणाली, एस.टी.ने जाऊ. ते तर त्याला जास्तच लागलं.

खात्री करावी म्हणून अमृतरावने हवेचा पाइप सोडवला आणि टर्बोचा पंखा बोटाने हलवून पाहिला. जरासुद्धा ढिला नव्हता. फिरवून पाहिला तर लोण्यासारखा फिरला. अमृतराव बुचकळ्यात पडला.

"रामकिशन, गाडी चांगली हाय, न् तुझं तोंड म्हनून राहिलं की ती मेली," तो म्हणाला. "दोघातलं एक खोटं बोलून राहिलं."

असं त्याला आजवर कुणी बोललं नव्हतं. रामकिशनने इरेला पेटून तोच आवाज इतक्या जोरात काढला की शेजारच्या हॉटेलातली माणसं कप घेऊन बाहेर आली. अमृतराव हरला. बोटाची चूक होईल, पण या तोंडाची कधी झाली नाही, असं म्हणून तो टर्बो उतरवायला खाली वाकला.

मनिषा नव्या बादलीवर बसून सगळं बघत होती. चारचौघांत बापाला कसं सांगावं, हे तिला कळेना. पण पाना नटाला लागला तशी ती उठली.

"बाबा, हे दात बसवल्यापासून तुमी साखर मागितली तरी टर्बो वाजतो," ती हळूच म्हणाली. "दात काढून आवाज काढा."

रामकिशनने लोकांकडे पाठ केली, दात काढून रुमालात बांधले, डोळे मिटून घाट आठवला. "फुस्सऽऽऽ." शिट्टी गायब, उरली नुसती गळणारी हवा. अमृतराव पोट धरून हसला आणि त्याने थेट गाडीखाली हात घातला. टर्बोकडून इंजिनाला हवा नेणारा रबरी पाइप खालच्या अंगाने बोटभर फाटला होता. अर्ध्या तासाचं काम होतं.

सोमवारी पिकअप दिमाखात लातूरला पोचली. मॅडमपुढे शिट्टी वाजू नये म्हणून रामकिशनने सगळ्या प्रश्नांना नुसती मान हलवली. तुझे वडील फारच अबोल दिसतात, असं मॅडम मनिषाला म्हणाल्या. निघताना लेकीला सांगायचं खूप होतं, पण तिथेही त्याची मानच हलली.

पहिल्या रविवारी सकाळी मनिषाचा फोन आला. आईशी बोलणं झाल्यावर तिने बाबांना फोन द्यायला लावला आणि आपल्या गाडीचा आवाज काढायला सांगितलं. लहानपणी तो आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की ती दारात धावायची. रामकिशनने दात काढून हातात धरले आणि आवाज काढला. पलीकडे मनिषाने तो शेवटपर्यंत कान देऊन ऐकला. मग म्हणाली,

"गाडी चांगली हाय बाबा. रडून तुमी राहिले."

रामकिशनने घाईघाईने दात बसवले आणि सर्दी झाल्याचं सांगितलं, तर त्यातही शिट्टी वाजली.