चार बोटं जास्त

जागेश्वर धकाते आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आला, तेव्हापासून मी त्याच्याशी भांडते आहे. माझं तोंड आणि त्याचा रंधा यांचं जमणं शक्यच नव्हतं. नागपूरच्या मनीषनगरातली तीन मजली इमारत. तो पहिल्या मजल्यावर, मी बरोबर त्याच्या डोक्यावर. छत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, म्हटलं आता दुपारी स्वस्थ झोपू. ते सुख या माणसाने मला लाभू दिलं नाही. तरी त्याच्याबद्दल चांगलं लिहायला बसले आहे, यावरून काय ते समजा.

जागेश्वर हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर आहे. पहाटे कंपनीच्या बसने जातो, दुपारी साडेतीनला परत येतो, चहा घेतो आणि मागच्या खोलीत गिटार बनवायला बसतो. विकायला नाही. त्याला स्वतःला वाजवताही येत नाही. त्याच्या मुलीची, भूमिकाची, बाजारातून आणलेली गिटार एका उन्हाळ्यात उखडली. दुकानदार म्हणाला, फेकून द्या. याने फेकायच्या आधी ती ब्लेडने उघडली, आतल्या बारीक पट्ट्यांची जुळणी पाहिली आणि तिथेच अडकला. भूमिका पुण्याला शिकायला गेली, तिचा नाद सुटला आणि बापाला लागला.

मोबाइलवर परदेशी कारागिरांचे व्हिडिओ लावायचा. भाषा कळत नसे, म्हणून आवाज बंद करून नुसते हात बघायचा. कारखान्यात मशीन ज्या पेट्यांतून येतात, त्यांच्या पाइनच्या फळ्या मागून आणायचा आणि एकेक फळी कानाशी धरून बोटाने वाजवून पाहायचा. गिटारची कड वाकवायला ओली पट्टी तापलेल्या लोखंडी पाइपवर दाबावी लागते. सात पट्ट्या मोडल्या, आठवी वाकली. सात वेळा चुकून आठव्यांदा तितक्याच शांतपणे बसणारं पोर मला वर्गात क्वचितच भेटलं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. डोक्यावर बसला असता.

त्याच्या घरात त्याची बायको पुष्पलता आणि वडील. वडिलांना सगळे बापूजी म्हणतात. वय एकोणऐंशी. विणकरांच्या तांडापेठेत पन्नास वर्षं हातमागावर लुगडी विणली. आता मागच्याच खोलीत पलंगावर बसून असतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांच्या पलंगाखाली पाच फुटी सागवानी दांडा आहे. विणलेलं कापड ज्यावर गुंडाळत जातात, ती मागाची तूर. अख्ख्या मागातली तेवढीच उरलेली. झाडताना पुष्पलता रोज तिला शिव्या घालायची, पण हलवायची हिंमत तिचीही नव्हती.

जागेश्वरला ती तूर हवी होती. साठ वर्षं मुरलेलं सागवान. गिटारच्या दांडीला याहून चांगलं लाकूड शोधून सापडायचं नाही. "बापूजी, थे तूर मले द्या ना," त्याने एकदा भीत भीत म्हटलं.

बापूजींनी वाकून तुरीला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "पहिले दुसऱ्या लाकडाची कर. मे महिना काढू दे तिले. मंग पाहू."

पहिली गिटार दीड वर्षाने, ऐन मेमध्ये पूर्ण झाली. नागपूरचा मे म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. मागच्या खोलीच्या खिडकीत कूलर दिवसभर घरघरत होता आणि त्याच्यासमोर बसून या गड्याने सगळी जोडणी केली. गिटार सुंदर दिसत होती. सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले, मीही दोन खाल्ले.

आठवड्याभरात कूलरची मोटर जळली. मे महिन्यात एक वेळ देव भेटेल, कूलरवाला भेटायचा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी खालून असा आवाज आला, की कुणी नवं मांजरपाट फाडलं असावं. मी धावत खाली गेले. गिटारची पुढची फळी वरपासून खालपर्यंत उभी तडकली होती. जागेश्वर तिच्याकडे बघत भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून उठला आणि बाहेर निघून गेला.

पलंगावरून बापूजी म्हणाले, "ओल्या हवेत जोडलं त्यानं. लाकूड फुगलेलं होतं. हवा कोरडी झाली, आटलं, फाटलं. सुताचंही असंच राह्यते. कोरड्या हवेत ताण्याचे धागे तटातट तुटत आमचे."

माझा पारा चढला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत? पोरगा दीड वर्ष मरमर मरतोय!"

"विचारलं काय त्यानं?" बापूजी शांतपणे म्हणाले. "बारा वर्षं झाले, यानं माग विकला, तवाही विचारलं नाई. मी कुही गावाले लग्नाले गेलो होतो. आलो, तं खोली रिकामी."

मी वर गेले आणि संध्याकाळी पुष्पलताला जिन्यात गाठून सगळं सांगितलं. चहाडी म्हणा हवं तर. काही चहाड्या कराव्या लागतात.

दुसऱ्या दिवशी जागेश्वर तडकलेली गिटार घेऊन वडिलांच्या पायाशी बसला. "बापूजी, हवा कशी पाहाची, मले सांगा," एवढंच म्हणाला. मागाचा विषय काढायचा धीर त्याला झाला नसावा. बापूजींनी गिटार मांडीवर घेतली, भेगेवरून अंगठा फिरवला आणि बोलायला लागले. पाऊण तास बोलत होते. पुष्पलता सांगते, लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

त्यानंतर त्या घरात एक नवीनच कारभार सुरू झाला. जागेश्वरने लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या, एक उभ्या रेषांची, एक आडव्या रेषांची, एकमेकींना चिकटवून भिंतीवर टांगल्या. हवा ओली झाली की ती जोडपट्टी एकीकडे वाकायची, कोरडी झाली की दुसरीकडे. बापूजी रोज पट्टीकडे बघायचे, कापसाचं सूत दोन बोटांत चोळायचे आणि हुकूम सोडायचे, "आज हात लाव," किंवा "आज नको." पावसाळाभर "आज नको"च चाललं. दिवाळीनंतर कुठे परवानगी मिळाली. फिटरची नोकरी करणारा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस मुकाट ऐकायचा. मी मात्र त्या चार महिन्यांत दुपारची झोप काढली.

दुसरी गिटार मार्चमध्ये तयार झाली आणि आला मे. बापूजींनी ती पुढच्या खोलीत, जिथे कूलर नव्हता, तिथे खुंटीला टांगायला लावली. आणि स्वतः तिच्याखाली खुर्ची टाकून बसले. पारा सेहेचाळीसवर. पुष्पलता विनवून थकली, "बापूजी, कूलरमंदी चला ना." ते ओला पंचा डोक्यावर घेऊन बसून राहिले. मीसुद्धा दुपारी कान देऊन जागी असायची. फाटल्याचा आवाज काही आला नाही. खरं सांगते, शाळेच्या निकालाचीही मी इतकी धास्ती घेतली नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी खालून करवतीचा आवाज आला. जागेश्वर तर ड्युटीवर. मी तावातावाने उतरले. पाहते तो बापूजींनी तूर दोन पाटांवर ठेवली होती आणि हातात करवत.

"मॅडम, बरं झालं आल्या. जरा तिकडून धरा."

मी धरलं. चार वेळा करवत ओढायचे, थांबायचे, दम घ्यायचे. भिंतीवर जागेश्वरने कापलेला गिटारच्या दांडीच्या मापाचा पुठ्ठा होता. तो त्यांनी तुरीवर ठेवून खूण केली होती, पण कापत होते खुणेच्या पुढे. गणिताची बाई गप्प कशी बसेल? म्हटलं, "बापूजी, खूण इकडे आहे. तुम्ही जास्त कापताय."

"चार बोटं जास्तच ठेवा लागते," ते म्हणाले. "काही ना काही वाया जातेच. विणकर बरोबर मापाचं कधी धरत नाई."

कापायला तास लागला. उरलेला तुकडा त्यांनी पुन्हा पलंगाखाली सरकवला.

साडेतीनला जागेश्वर आला. दारातच थांबला. हातातला डबा तसाच. पाटावरचा तुकडा बघितला, वडिलांच्या अंगावरचा भुसा बघितला, आणि एवढा मोठा बाप्या खाली बसून रडायला लागला. "बापूजी, माग विकला तवा तुमाले विचारा लागत होतं. चुकलो मी."

बापूजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला लागलेला भुसा त्याच्या केसांत उतरला.

"बारा वर्षं लावले गा पोरा तू, एवढं बोलाले," ते म्हणाले. मग भिंतीवरच्या पट्टीकडे बघितलं. पाऊस जवळ आला होता, पट्टी वाकू लागली होती. "आज नको हात लावू. हवा ओली हून राहिली. दिवाळी झाली की आपण दोघं बसू."