उतरवून घ्यायचं राहिलं

आत्माराम केळुसकरांना ती फ्लॉपी सापडली माळ्यावरच्या बुटाच्या खोक्यात. खोक्यात जुन्या काळच्या तळहाताएवढ्या, वाकणाऱ्या फ्लॉप्या होत्या. बहुतेकांवर वकिलांची नावं, काहींवर प्रबंधांची, आणि एकीवर गिरिजाबाईंच्या अक्षरात नुसतं ‘माझं’. गिरिजाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं या घरात काही होतं, हेच केळुसकरांना नवीन होतं.

गिरगावातली खोली सोडून दोघं मीरा रोडला आली ती एक्याण्णव साली, कडेवरच्या लेकीला, क्षितिजाला घेऊन. केळुसकरांनी ऑफिसात मोडीत निघालेला कॉम्प्युटर घरी आणला आणि गिरिजाबाई त्यावर बाहेरची कामं टाइप करू लागल्या. मशीनला हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपी कुरकुरत चाले आणि एक पान वाचायला चहा निवेल इतका वेळ घेई. त्यावर केळुसकरांनी शोधलेला इलाज म्हणजे रॅम डिस्क. मशीनच्या मेमरीतला एक तुकडा बाजूला काढायचा आणि तीच एक डिस्क आहे असं मशीनला पटवायचं. मशीन सुरू होताना जी फाइल वाचतं, तिच्यात एक ओळ लिहिली की काम फत्ते. पानं डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उघडत. नातेवाइकांच्या लग्नातसुद्धा ते लोकांना धरून धरून हे सांगत, आणि लोक जिलेबीचं निमित्त काढून सटकत.

खोट एकच होती. वीज गेली की त्या डिस्कमधलं सगळं पुसलं जाई, म्हणून काम संपलं की ते दुसऱ्या खाचेतल्या फ्लॉपीवर उतरवून घ्यावं लागे. ते गिरिजाबाईंचं काम. मशीन चालू-बंद करायच्या बटणाला मात्र हात फक्त केळुसकरांचा. तसा त्यांचा नियमच होता, आणि नियम करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. गिरिजाबाई ‘अहो, घेतलं उतरवून’ म्हणत आणि हे ऐटीत येऊन बटण दाबत. पंधरा वर्षं हे असंच चाललं. अधेमधे वीज जाई, पानं बुडत, आणि केळुसकर गॅलरीत उभं राहून वीज मंडळाचा आणि बायकोचा एकाच दमात उद्धार करत.

आता त्या फ्लॉपीत काय आहे ते वाचल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागेना. काशीगावात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जितेशला त्यांनी गाठलं. त्याने घरात पडून असलेलं ते मशीन उघडलं, दोन भाग बदलले, फ्लॉपी उजेडात धरली आणि मान हलवली.

“काका, इसपे फंगस है. एक बार चलेगी, शायद. दूसरी बार का भरोसा नहीं.”

“एक बार बस है,” केळुसकर म्हणाले. त्यांना आपली रॅम डिस्क आठवली होती. फ्लॉपी एकदाच फिरवायची, सगळं मेमरीत घ्यायचं, निवांत वाचायचं आणि मग कोऱ्या फ्लॉपीवर उतरवायचं. जवळच बेव्हर्ली पार्कात राहणारी क्षितिजा फोनवर म्हणाली, “बाबा, मी अकराला येते. स्क्रीनचे फोटो काढू, तोपर्यंत थांबा.” पण थांबतील ते केळुसकर कसले. दहालाच त्यांनी कोरी फ्लॉपी दुसऱ्या खाचेत घालून ठेवली, ती जुनी ओळ न बघता लिहिली आणि ‘माझं’ आत सरकवली.

फ्लॉपी खरवडत फिरली. फाइल मेमरीत आली. पुन्हा बघायला गेले तर फ्लॉपी वाचताच येईना. आता गिरिजाबाईंचं लिहिणं जगात फक्त त्या डब्यात होतं, तेही वीज असेपर्यंत.

मशीनला मराठी येत नव्हतं, म्हणून गिरिजाबाईंनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. पानं तीनच. शेजारच्या अनसूयाबाईंनी दिलेली सुकटीची चटणी, क्षितिजाचा पहिला दात, डोंगरीला जायचं ठरवून राहून गेलेला रविवार. केळुसकर बोटाने एकेक ओळ धरून वाचत होते. शेवटच्या पानावर होतं : ‘आज परत लाइट गेली. हे चिडले, मग गॅलरीत माझ्याजवळ बसले. लहानपणच्या गोष्टी सांगत होते. लाइट असली की हे माझ्याशी कामाचंच बोलतात. आज मी मनात म्हटलं, इतक्यात येऊ नको गं बाई.’

केळुसकरांना रडू फुटलं. ती शेजारी बसलेली असताना आपलं सगळं लक्ष समोरच्या बिल्डिंगचे दिवे लागतात का, याकडे होतं, हे त्यांना लख्ख आठवलं. ती हवी होती, आत्ता, या खुर्चीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, उठले. वाचून झालं होतं. काम संपलं की करायचं ते त्यांच्या हाताने केलं. मशीनच्या बाजूला जाऊन त्यांनी बटण दाबलं.

पडदा काळा झाल्यावर त्यांना कळलं. कोरी फ्लॉपी दुसऱ्या खाचेत तशीच कोरी होती. उतरवून घेणं त्यांनी आयुष्यात कधी केलंच नव्हतं.

क्षितिजा आली तेव्हा ते तिथेच उभे होते. झालेलं तिने ऐकून घेतलं. त्यांना खुर्चीत बसवून तिने मोबाइल काढला.

“आठवतंय तसं सांगा बाबा. मी लिहून घेते.”

त्यांनी सांगितलं. चटणी, दात, रविवार, आणि ते गॅलरीतलंही. सांगता सांगता एकदा थांबले.

“‘जवळ बसले’ असं होतं की ‘शेजारी बसले’?”

“आई ‘शेजारी’ म्हणायची बहुतेक.”

“मला ‘जवळ’ वाटतंय,” ते म्हणाले. “पण ते तिने लिहिलं होतं की मलाच तसं हवंय, ते आता नाही गं सांगता येत.”