किसनच्या पत्रावरची तारीख

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, रेणूनं सहज विचारलं होतं. रेणू माझी मुलगी, बारावीत आहे. “आबा, एकाहत्तरच्या लढाईत तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली?” आम्हाला वाटलं, तोफा नाहीतर रणगाडे म्हणतील. ते म्हणाले, “सिल्लोडची.”

सिल्लोड आमच्या हर्सूलहून एसटीनं दीड-दोन तासांवर. तिथं भिण्यासारखं काय? मग हळूहळू कळलं. त्यांच्या तुकडीत सिल्लोडकडचा किसन होता. त्याला सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून त्याची पत्रं मामंजी लिहायचे, पेन्सिलीनं. डाक कधी निघेल याचा नेम नसे. त्यामुळे तारखेची जागा कोरी सोडायची आणि पत्र टाकायच्या दिवशी भरायची, ही त्यांची रीत. असंच एक पत्र मामंजींच्या खिशात असताना किसन गेला. तीन दिवसांनी डाक निघाली. त्याचे शेवटचे शब्द घरी पोचावेत म्हणून मामंजींनी पत्र टाकलं, आणि सवयीनं त्या दिवशीची तारीख घातली.

घरी आधी तार पोचली, मागून पत्र. पत्रावर तारेत लिहिलेल्या दिवसानंतरची तारीख, अक्षर नेहमीचंच. किसनच्या आईनं ठरवून टाकलं, तार खोटी, पत्र खरं. लढाई संपल्यावर मामंजी तिला भेटायला निघाले, तेव्हा सिल्लोडच्या स्टँडवर किसनच्या गावच्या एका माणसानं हे सांगितलं. ते तिथूनच परत फिरले. पुन्हा कधी गेले नाहीत.

“त्याची धाकटी बहीण हाये अजून,” ते म्हणाले. “तिला सांगितल्याबिगर मला जायचं नाय.” कुठं जायचं नाही, ते आम्ही विचारलं नाही.

मार्गशीर्षातला उपासाचा गुरुवार सोडून शुक्रवारी सकाळी देवापुढं दिवा लावला आणि निघालो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीपुढच्यांना तेही नाही. आधार कार्ड मात्र जवळ ठेवा. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी घरचंच घेतलं होतं. चौक्याचा घाट उतरल्यावर फुलंब्रीपुढं दोन्ही बाजूंनी कापूस, सिल्लोड जवळ आलं की उन्हात पसरलेली मका. खिडकी डावीकडची धरा, ऊन लागत नाही.

सिल्लोडच्या स्टँडवर मामंजी बाकड्यावर बसले ते उठेनात. चहा झाला, दुसरा झाला. समोर शहराकडं परत जाणारी गाडी लागली तशी त्यांची नजर तिकडंच. रेणू म्हणाली, “आबा, फौजी माणूस एकाच स्टँडवरून दोनदा माघार घेतो का?” ते गालात हसले आणि काठी घेऊन उठले. पुढं जीपनं जावं लागतं. भरल्याशिवाय ती हलत नाही, तेव्हा दहाच्या आत तिथं असावं.

किसनची बहीण चंद्रभागाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. सत्तरीला टेकलेल्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. मामंजींनी चपला काढल्या, पण ते बसले नाहीत की पाणी घेतलं नाही. उभ्यानंच, हात सरळ ठेवून, सगळं सांगितलं. खिसा, डाक, तारीख. काही लपवलं नाही, कशाचं निमित्त सांगितलं नाही. मी त्यांना पस्तीस वर्षं बघतेय, पण इतके ताठ उभे कधी पाहिले नव्हते.

सूप थांबलं होतं.

“माय बारा वर्षं भाकरी झाकून ठेवायची त्याची,” त्या म्हणाल्या. “लई वाट बघितली, दादा.”

मामंजींची मान खाली गेली. बाई उठून आत गेल्या. मला वाटलं, आता आपण निघावं. पण त्या पत्र्याची डबी घेऊन आल्या आणि तिच्यातलं पत्र त्यांनी मामंजींपुढं धरलं. पेन्सिलीचं अक्षर पुसट झालं होतं, शाईची तारीख तेवढी ठळक.

“शब्द कोणाचे?”

“त्याचेच. तारीख तेवढी माझी.”

“मग वाचा. गुरुजीनं वाचलेलं ऐकलंय. लिहिणाऱ्याच्या तोंडून नाय ऐकलं.”

मामंजींनी वाचलं. बैलाची चौकशी, आईला नमस्कार, आणि शेवटाकडं, ‘चंद्रीला शाळेतून काढू नका, मी आल्यावर बघीन.’ तिथं त्यांनी पत्र रेणूकडं दिलं. पुढचं रेणूनं वाचलं.

“काढणारच होते मला,” बाई म्हणाल्या. “मेलेल्याचं कोण ऐकतं, दादा? माय जित्या लेकाचं ऐकत होती. म्हणून मी शिकले, नोकरी लागली. बसा आता.”

मामंजी बसले. येसराची आमटी आणि गरम भाकरी झाली. आमचा डबा तसाच परत आला. जेवताना त्यांनी किसनच्या इतक्या खोड्या सांगितल्या, की बाईंना ठसका लागला. आम्हीही त्या पहिल्यांदाच ऐकत होतो.

दिवेलागणीला घरी पोचलो. जाण्यायेण्यात पाहण्यासारखं मोठं काही नाही, कोणी विचारलं तर तसंच सांगीन. पण घरात तेव्हापासून एक नवं सुरू झालंय. संध्याकाळची आरती झाली की मामंजी लढाईचं सांगतात आणि रेणू वहीत उतरवून घेते. पहिल्या दिवशी तिनं लिहायला सुरुवात केली, तर त्यांनी तिचा हात धरला.

“आधी तारीख घाल,” ते म्हणाले. “आजची.”