कमरेचा दोर

बसऱ्याच्या पुढे तेलाचा एक मोठा कारखाना होता. माझी उमेदीची वर्षं तिथे गेली. गावी परतल्यावर मी लोकांना तिथल्या उन्हाच्या, खजुरांच्या गोष्टी सांगितल्या. टाकीचं कधी बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही.

तेल उपसलं की टाकीच्या तळाशी काळा गाळ उरतो. तो आत उतरून खरवडायचा. आतल्या वाफेनं माणूस आधी हसायला लागतो, मग बरळतो, मग कोसळतो. म्हणून आमच्या जोड्या असत. एकानं कमरेला दोर बांधून आत जायचं, दुसऱ्यानं बाहेर दोर धरून कान देऊन बसायचं. माझा जोडीदार पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या आमच्याच गावचा, पण महारवाड्यातला. पलटणीत राहून आलेला, साहेबाशी चार शब्द इंग्रजीत बोलू शकणारा. आपण शुद्धीवर आहोत हे मला कळावं म्हणून तो आतून सारखा शिव्या घाली.

"अरे ए पाटलाच्या रेड्या, जागा हायस का झोपलास?"

गावात असं बोलला असता तर त्याची पाठ सोलली असती. तिथे मी ऐकत बसे, आणि शिव्या थांबल्या की जीव खाऊन ओढी.

त्याच टाकीत पत्रे जोडायला गोरे फिटर उतरत. ते घटकाभर आत राहिले की बाकीचा दिवस सावलीत बर्फाचं पाणी पीत बसत, आणि पगार पूर्ण मिळे. आमच्यातला कोणी आत कोसळला की त्याचा त्या दिवसाचा पगार कापत. कोसळला म्हणजे काम केलं नाही, असा हिशोब. तेच पत्रे जोडणारा आमच्याकडचा फिटर गोऱ्याच्या पाव पगारावर होता.

शेवटी बराकीत सगळ्यांचं ठरलं. कोसळलेल्याचा दिवस भरून द्या आणि गोऱ्यांसारखा आराम द्या, नाहीतर उद्यापासून टाकीत कोणी उतरणार नाही. साहेबापुढे बोलायचं माझ्या जोडीदारानं. पण फुटणार नाही याची शपथ हवी. आमच्याकडे शपथेला बेलभंडार उचलतात, तिथे बेल कुठला मिळायला? एक म्हातारा म्हणाला, एका लोट्यातलं पाणी सगळ्यांनी प्या, झाली शपथ.

बोलणारा तो, म्हणून पहिला घोट त्यानं घेतला. मग लोटा माझ्यापुढे धरला.

चवदार तळ्याची बातमी महाडहून नव्यानं आलेल्यांनी बराकीत आणली होती. तिच्यावर उघड कोणी बोललं नव्हतं, पण मनात सगळ्यांच्या होती. आता सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "मला वेगळं दे."

तो हसला. "माझ्या कमरंचा दोर धरतोस तवा बाटत नाय तो?"

"दोर कंपनीचा हाय."

माणसं खदखदून हसली. मलाही आपण मोठं हजरजबाबी बोललो असं वाटलं. त्यानं लोटा खाली ठेवला. तो मग कोणीच उचलला नाही. म्हातारा नुसता म्हणाला, "जा, झोपा आता."

सकाळी माझा जोडीदार एकटाच साहेबापुढे उभा राहिला. आम्ही टाकीकडे गेलो. त्याला पुढच्या बोटीनं परत धाडलं, आणि मला मुकादम केलं. मुकादम झाल्यावरही गोऱ्या मुकादमाच्या मानानं माझा पगार किती कमी, याची तक्रार मी सगळ्यांकडे करत असे.

रजेवर आलो तेव्हा दासगावच्या बंदरात उतरून चालत पोलादपूर गाठलं. बाजारात त्याची बायको मोळी विकायला बसली होती. मला बघून उठून लांब उभी राहिली.

"दादा, भरतीवाला आलाय. हे परत जायचं म्हनतायत. खोकला हाय, पन जातील. तो म्हनतो मुकादमानं शबूद दिला तर घेतो."

"तुझा नवरा काय म्हणतो? त्याला काढला कशापायी?"

"काय बोलत नाय. इचारलं तर नुस्तं हसतात."

लोट्याचं त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "बघतो गो."

भरतीवाला दुसऱ्या दिवशी माझ्याच ओटीवर चहा प्यायला. त्यानं माझ्या जोडीदाराचं नाव घेऊन विचारलं. मी म्हणालो, माणूस कामाचा, पण साहेबाच्या तोंडाला लागतो. एवढं पुरलं. तो परत आला असता तर माझ्या टोळीत आला असता, आणि त्या बराकीत मला त्याच्यासमोर रोज पाणी प्यावं लागलं असतं. खरं कारण एवढंच.

तो पावसाळा त्यानं काढला नाही. पुढच्या रजेत ती मला घाटाच्या चढणीला भेटली, डोक्यावर मोळी. वाट अरुंद होती. रिवाजाप्रमाणे ती वाट सोडून काट्यांत उतरली आणि माझ्याकडे न बघता उभी राहिली. मी पुढे गेलो.