दोन डब्यांची झाकणं

आमचे विठोजीमामा परवाच गेले. बंगळुरात रंगारी होते, सगळा जन्म शिडीवर गेला. शेवटी शेवटी त्यांना रंगच ओळखू येईनात. सगळं धुरकट, पिवळट दिसायचं. पण घरीसुद्धा बोलले नाहीत. रंगाऱ्याला रंग दिसत नाही म्हटल्यावर कोण बोलावणार? ती भीती पोटात घेऊनच रोज निघायचे.

मल्लेश्वरमला अनुषा म्हणून एक बाई, तिच्या हॉलचं काम होतं. तिला हिरवा पाहिजे, पण कोणता? एक कैरीसारखा, एक कच्च्या पेरूसारखा. मामांनी भिंतीवर दोन्हीचे पट्टे मारले, वाळल्यावर बघा म्हणाले. सकाळी ती म्हणाली, "अण्णा, पेरूचाच करा," आणि ऑफिसला गेली.

मामांनी झाकणावरचा नंबर बघून डबा उघडला. आता सगळा भरवसा त्या नंबरावरच. अर्धी भिंत झाली आणि हात थांबला. काल डबे बंद करताना झाकणं इकडची तिकडं झाली असली तर?

पट्ट्यांना नाक लावून बघितलं, दोन्ही सारखेच. अनुषाचे सासरे सुब्बाराव खुर्चीत बसले होते. मामांनी सहज विचारल्यासारखं केलं, "सर, हा कोणता वाटतो?"

"हिरवा! अरे, मला मोतीबिंदू आहे. रंगारी तू की मी?"

मामा हसले. तसंच काम ओढत राहिले. संध्याकाळी गेट वाजलं तेव्हा शिडीवरच होते.

"अण्णा, हा तर कैरीचा! माझा पेरू कुठं गेला?"

वाळल्यावर बदलेल अक्का, स्वल्प थांबा, असं म्हणायचं होतं. आजवर तसंच निभावलेलं. पण तोंडातून निघालं, "अक्का, मला दोन्ही सारखेच दिसतात."

ती ओरडली नाही. दोन्ही हातांनी शिडी धरली. "सरी, ठीक आहे, आधी खाली या. उद्या या, पण शिडीवर चढायचं नाही."

ओरडली असती तर बरं झालं असतं. शिडी गेली म्हणजे कामच गेलं की.

घरी मामांनी कावेरीमामीला सगळं सांगितलं. मामी म्हणाली, "मला माहीत होतं हो. हल्ली मेथी की कोथिंबीर ते तुम्ही हुंगून सांगता."

"मग आता मी काय करू गं?"

मामी त्यांच्या बोटांवरचा रंग तेलानं पुसत बसली.